कोरड्या तलावातली पंचमी

"यंदा तुझा उपास धरणार न्हाई!"

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं नगरपालिकेच्या आवारात, चार शिपाई आणि दाखला काढायला आलेला एक म्हातारा ऐकत असताना मला हे सुनावलं, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याचं माझ्या ध्यानात आलं.

आमच्याकडं नागचतुर्थीला बहिणी भावासाठी उपास करतात आणि दुसऱ्या दिवशी पंचमी साजरी होते. मालनआक्कानं हा उपास ती सात वर्षांची असल्यापासून धरलाय. टायफॉइडमध्ये धरला, स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत धरला, मी बारावीत असताना तिच्याशी सहा महिने बोलत नव्हतो तेव्हाही धरला. मी आता चोपन्न वर्षांचा आहे आणि आजवर माझं साधं बोटसुद्धा मोडलेलं नाही. आक्का त्याचं सगळं श्रेय या उपासाला देते. मी अभियंता आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण उपास मोडून बघावा असं मला कधी वाटलेलं नाही.

मी दिनकर कोष्टी, वेणापूर नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता. गेली एकोणतीस वर्षं कनिष्ठच आहे.

भांडण तलावावरून होतं. कोष्टी गल्लीच्या मागं नगरपालिकेचा जुना पोहण्याचा तलाव आहे. मी तिथंच पोहायला शिकलो. मुलींना तेव्हा तलावात उतरू देत नसत. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो जास्त कडक पाळला जाई. आक्का मला घेऊन यायची आणि माझं पोहणं होईपर्यंत पायरीवर बसून माझ्या चपला सांभाळायची, कारण तलावावर चपला फार चोरीला जात. पुढं तलावाला गळती लागली, पाणी सोडणं बंद झालं आणि वीस वर्षांत तिथं बाटल्या, फाटक्या गाद्या, विजेचे मोडके खांब आणि एक अख्खी रिक्षा येऊन पडली.

आक्का अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि तिला रिकामपण सोसेना. एका पंचमीला तिनं तलावाच्या भिंतीवर हळदीकुंकवाचा नागोबा काढला. पूजेला जागा हवी म्हणून गल्लीतल्या बायकांनी कचरा उपसला. मग नागोबा पक्क्या रंगात उतरला आणि त्याला सोबत हवी म्हणून मासा आला. माशाला पाणी हवं म्हणून निळ्या लाटा आल्या. रंगाच्या दुकानात डब्यांच्या तळाशी उरलेला ऑइलपेंट या बायका मागून आणायच्या आणि जो रंग मिळेल तो ज्याला लागेल त्याला द्यायच्या. त्यामुळं आमच्या तलावात जांभळी म्हैस आहे. पदर खोचून पोहणाऱ्या बायका आहेत, हातमागावर बसलेलं कासव आहे, आणि आयुष्यात कधी घोट्याच्या वर पाण्यात न गेलेले आमचे गणिताचे मास्तर फळीवरून सूर मारताना आहेत. पाण्याचा थेंब नसताना तलाव काठोकाठ भरला. दर पंचमीला खोल बाजूला झिम्मा-फुगडी रंगायची, कारण तिथं आवाज असा घुमतो की बारा बायका पन्नास वाटतात.

आता माझी बाजू सांगतो.

खोल बाजूच्या भिंतीमागं मातीचा भराव आहे आणि भरावावर रस्ता. ती भिंत गेली तर रस्ता तलावात येणार. सहा वर्षांपूर्वी मंगळवार पेठेत मैदानाची भिंत भरदुपारी पडली होती. तिच्या सावलीला बसून भाजी विकणाऱ्या रत्ना गोंधळीचा पाय गेला. त्या भिंतीच्या तपासणीत 'ठीक' असा शेरा मी मारला होता, नुसतं डोळ्यांनी बघून. रत्नाबाई आजही तिथंच बसते आणि आजही मला कोथिंबिरीची जुडी वर घालते. तिनं एकदा तरी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटतं. तेव्हापासून मी कुठल्याच भिंतीवर विश्वास ठेवत नाही.

म्हणून 'सांधक' आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

सांधक म्हणजे जिवंत लेप. काही जिवाणूंना दाणापाणी मिळालं नाही की ते स्वतःभोवती कवच करून झोपी जातात. भुईत पडलेल्या बियांसारखे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. भिंतीच्या भेगेत पाणी आणि अन्न पोचलं की जागे होतात, खातात, आणि त्यांनी खाल्लेल्याची चुनखडी होते. त्या चुनखडीनं भेग भरून निघते. शास्त्रज्ञांनी अशा जिवाणूंची एक दणकट जात तयार केली आणि ती चुन्यात घालून दिली. सोबत त्यांची शिदोरी म्हणून कॅल्शियम लॅक्टेट नावाचा क्षार. लेप ड्रोननं फवारायचा. भिंतीवर पांढरा थर बसतो आणि आत दुरुस्ती चालू राहते.

दुरुस्ती झाली की नाही हे आवाजावरून कळतं. आमच्याकडं डब्याएवढं एक यंत्र आहे. त्याची दोन टोकं भिंतीला लावली की एका टोकातून निघालेला ध्वनी दुसऱ्या टोकाला कधी पोचला ते ते सांगतं. धडधाकट काँक्रीटमधून ध्वनी सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरच्या वेगानं जातो, भेगाळलेल्या काँक्रीटमध्ये ठेचकाळत जातो. तलावाच्या भिंतीचा वेग होता दोन पूर्णांक चार.

आमच्या मुख्याधिकारी रेवती नाडकर्णी मॅडमनी शहरातल्या एकशे चाळीस भिंती फवारायला काढल्या. लेपानंतर साठ दिवसांत जी भिंत तीनच्या वर जाणार नाही ती पाडायची किंवा बुजवायची, असा नियम ठरला. त्याचा मसुदा मीच लिहून दिला होता.

जूनमध्ये तलावावर ड्रोन फिरला. अर्ध्या तासात म्हैस, कासव, मास्तर, नागोबा सगळे पांढरे होऊन गेले. त्याच दुपारी आक्का नगरपालिकेत आली.

"आक्का, भिंत पडली तर?" मी म्हणालो.

"भिंत पडंल तवा पडंल. चित्रं तर तू आजच पुसलीस."

"तुमच्यासाठीच केलं ना ते!"

"इचारलंस?" ती म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून ऱ्हातोस. च्या प्यायला येतोस. एकदा तरी इचारलंस?"

विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नव्हतं. तेवढ्यात आमच्या अतिक्रमण विभागानं बायकांची चित्रं काढायची शिडीसुद्धा जप्त करून आणली आणि त्या यादीवर माझी सही घ्यायला शिपाई नेमका तिच्यासमोर उभा राहिला. मी सही केली. तिनं उपासाचं वाक्य टाकलं आणि ती निघून गेली.

जुलैत मी पाहणीला गेलो तर तलावाभोवती आंबूस वास सुटलेला. खाली उतरून बघतो तर दहा-बारा बायका नारळाच्या शेंड्या घेऊन भिंत घासतायत, पायाशी घागरी. पारिसअण्णा मगदूम यांचा श्रीखंडाचा कारखाना तलावाच्या अलीकडंच आहे. दही फडक्यात बांधून टांगलं की चक्का वर राहतो आणि आंबट पाणी खाली गळतं. ते पाणी रोज गटारात जायचं. या बायकांनी ते घागरींनी वाहून आणलं होतं आणि त्यानं सांधक धुऊन काढत होत्या. जांभळी म्हैस शिंगांपर्यंत बाहेर आली होती.

"अगं, आंबटानं चुना विरघळतो!" मी ओरडलो. "तुम्ही भिंतीचं औषध धुऊन टाकताय!"

आक्का माझ्याशी बोलत नव्हती. ती शेजारच्या शकूवहिनींना म्हणाली, "वहिनी, त्या सायबांना सांगा, चिंच-ताकानं आम्ही जन्मभर पितळ घासलं. डाग जातो, भांडं जात न्हाई."

"ही भिंत आहे, तांब्या नाही!"

"वहिनी, सायबांना म्हणावं, वरडू नका. हितं घुमतंय."

मी फीत लावून तलाव बंद केला. दुसऱ्या दिवशी म्हशीचे खूर दिसू लागले. खरं सांगायचं तर बायका सकाळी सहाला येतात हे मला कळलं होतं, आणि म्हणून मी दहाच्या आत तिकडं फिरकत नव्हतो. कामात कसूर म्हणतात ती हीच. पण म्हैस बाहेर आलेली बघून मला बरं वाटलं होतं, आता काय करता?

साठ दिवस भरले. भिंती मोजल्या तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला. बहुतेक भिंती थोड्या सुधारल्या होत्या आणि तिथंच अडल्या होत्या. लेपातली शिदोरी महिन्याभरात संपली आणि जिवाणू परत झोपी गेले. चाळीस भिंती नापास झाल्या. तलावाची भिंत मी नियमाप्रमाणं मोजली. नियम असा की लेप शाबूत असेल तिथंच यंत्र लावायचं. लेप शाबूत होता तो फक्त खोल बाजूच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, जिथं बायकांचा हात पोचला नव्हता. मी जप्त केलेल्या शिडीवर चढून यंत्र लावलं. दोन पूर्णांक पाच. भिंत नापास.

तलाव मुरूम टाकून बुजवायचा हुकूम निघाला. तारीख संगणकानं काढली, आणि संगणकाला पंचांग ठाऊक नव्हतं. तारीख आली नेमकी नागपंचमीची.

चतुर्थीच्या दिवशी मी आक्काच्या दारावरून दोनदा गेलो. दार बंद होतं. उपास धरलाय की नाही हे बंद दारावरून कसं कळणार? घरी आलो आणि चोपन्नाव्या वर्षी, जिना उतरताना पहिल्यांदाच कठडा धरून उतरलो.

पंचमीच्या सकाळी मुरुमाचे तीन डंपर आणि इलाहीभाई शिकलगारांचा जेसीबी तलावावर हजर झाला. डंपर आत यायला आधी एक उतार उकरायचा होता. खाली बायका आधीच जमल्या होत्या. नव्या बांगड्या, केसांत गजरे, माहेराला आलेल्या पोरी, आणि धुऊन निघालेल्या नागोबापुढं दूध-लाह्या.

इलाहीभाईंनी खाली बघितलं, यंत्र बंद केलं आणि किल्ली खिशात घातली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पंचमी हाय सायेब. आज भुईला दात लावत न्हाई मी."

"इलाहीभाई, तुम्ही कधीपासून पंचमी पाळायला लागलात?"

"आज्जा पाळायचा, बा पाळायचा. आज नांगर न्हाई, इळा न्हाई, खणणं न्हाई. भुईतल्या जिवाला काय कळतंय, वरचा कोण हाय ते? उद्या सकाळी सातला येतो. सात म्हंजे सात." आणि ते खाली जाऊन लाह्या खात बसले.

एक दिवस मिळाला, पण भिंत तीच होती. बायका खोल बाजूला फेर धरायला निघाल्या. मला रत्नाबाईची कुबडी दिसत होती. मी धावत खाली उतरलो आणि आक्कासमोर हात पसरून उभा राहिलो.

"आक्का, उपास धर, नको धरू. मला भाऊ म्हण, नको म्हणू. पण या भिंतीखाली मी तुला जाऊ देणार नाही. मला भीती वाटते गं."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "कशावरनं पडंल?"

"आकड्यावरनं. तुझ्यासमोर लावून दाखवतो. आधीच कच्ची, त्यात तुम्ही आंबट पाजलंय तिला."

मी यंत्राची टोकं म्हशीच्या पोटावर दाबली. पडद्यावर आकडा आला, तीन पूर्णांक नऊ.

मी टोकं पुसली, परत लावली. तीन पूर्णांक नऊ. कासवावर लावलं, चार. मास्तरांवर लावलं, तीन पूर्णांक आठ. यंत्र बिघडलं असेल म्हणून शिडी लावून वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या लेपावर लावून आलो. दोन पूर्णांक पाच. यंत्र ठणठणीत होतं.

"काय म्हणतोय तुझा डबा?" आक्कानं विचारलं.

मी पायरीवर बसलो. समोर नागोबापुढं दुधाची वाटी होती, बाजूला आंबट पाण्याची घागर. चक्क्याच्या पाण्यात काय असतं? लॅक्टिक आम्ल. ते चुन्यावर पडलं की काय तयार होतं? कॅल्शियम लॅक्टेट. हा तर शाळेतला धडा! आम्ही जिवाणूंना एकदाच शिदोरी दिली होती. या बायका रोज सकाळी भिंतीला न्याहारी घालत होत्या. वरचा थर आंबटात विरघळायचा, घासताना ते पाणी भेगांत शिरायचं, तिथं त्याचा आंबटपणा चुन्यात मुरून जायचा, आणि उपाशी झोपलेले जिवाणू उठून जेवायला बसायचे. बाहेर चित्र उघडं पडत होतं आणि आत भिंत भरत होती.

मी हसायला लागलो. मग रडायलाही लागलो. शकूवहिनींनी मला लाह्या दिल्या, बहुधा उन्हाचा त्रास झाला असावा अशा समजुतीनं.

मॅडमना फोन केला. त्या पाऊण तासात आल्या, चपला हातात घेऊन तलावात उतरल्या, आणि माझा शब्द न मानता स्वतः बावीस ठिकाणी यंत्र लावून बघितलं. असा अधिकारी मला आवडतो.

"एक नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवू," त्या म्हणाल्या.

"आज कापायचं न्हाई बाई," आक्का म्हणाली. "चिरायचं न्हाई, भोकसायचं न्हाई. उद्या काय ते करा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी इलाहीभाईंकडं बोट दाखवलं. ते किल्ली खिशात घालून बसलेच होते.

"बरं, उद्या," मॅडम म्हणाल्या. "बुजवण्याचा हुकूम थांबवते. पण तो कोपरा कच्चाच आहे. त्याच्या खाली कोणी जायचं नाही." मग त्यांचे डोळे चमकले. "कोष्टी, नापास झालेल्या चाळीस भिंती. टँकरनं चक्क्याचं पाणी नेऊ, ड्रोननं मारू. महिन्यात पास!"

"ड्रोन घासतं काय?" आक्कानं विचारलं.

"म्हणजे?"

"घासल्याबिगर पाणी आत जात न्हाई. नुसतं वतलं की खाली व्हातंय. आम्ही पैल्या दिवशी वतूनच बघितलं की."

"मग माणसं लावू घासायला."

"लावा. पांढऱ्या भिंतीला कोण रोज घासंल, बाई? दोन दिवस घासतील आन तिसऱ्या दिवशी सांगतील, घासली. आम्ही का घासली? खाली आमची म्हस हुती."

मॅडमनी वरच्या पांढऱ्या कोपऱ्याकडं बघितलं. मीही बघितलं. एकोणतीस वर्षांत मी शहरातल्या किती भिंती स्वच्छ करून घेतल्या त्याची गणती नाही. स्वच्छ केलेल्या भिंतीकडं दुसऱ्या दिवशी बघायला कुणीच जात नाही, मीसुद्धा नाही. मंगळवार पेठेची भिंतही अशीच पांढरीशुभ्र होती.

"सार्वजनिक भिंतीवर चित्र काढायला बंदी आहे ना, कोष्टी?" मॅडमनी विचारलं.

"आहे मॅडम. विद्रूपीकरणाचं कलम."

त्यांनी थोडा विचार केला. "चित्र म्हणू नका. 'देखभालीची खूण' म्हणा. खूण दिसते म्हणजे भिंत घासलेली आहे, घासलेली आहे म्हणजे पोसलेली आहे. खूण फिकी पडली की तुम्ही यंत्र घेऊन जायचं. मसुदा लिहाल?"

"आजच लिहितो."

"आज लिहिलेलं चालतं ना?" त्यांनी आक्काला विचारलं.

"लिव्हा की. लिवल्यानं कुणाला काय टोचतंय?"

मी कच्च्या कोपऱ्यापासून दहा हात लांब दोरी बांधली आणि तिच्या अलीकडं फेर सुरू झाला. आक्का दोन पावलं पुढं गेली आणि परत आली. तिनं पायांतल्या चपला काढल्या.

"दिन्या, धर."

मी चपला घेतल्या आणि पायरीवर बसलो. ती एकसष्ट वर्षांची बाई पदर खोचून खोल बाजूला गेली आणि शकूवहिनींचे हात धरून अशी काही फुगडी फिरली की मास्तर आता खरंच सूर मारतील असं मला वाटलं. भिंत सगळ्या गाण्यांना ओ देत होती. मॅडम कडेला उभ्या राहून आधी टाळ्या वाजवत होत्या, मग त्यांनाही कुणीतरी ओढून नेलं.

घामाघूम होऊन आक्का शेजारी येऊन टेकली. डब्यातून पुरणाचं दिंड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"आक्का, काल उपास?"

"धरला न्हवता."

माझ्या हातातलं दिंड हातातच राहिलं.

"म्हटलं, यंदा बघूच ह्याचं काय हुतंय ते," ती म्हणाली. "दुपारी शेंगदाण्याचा लाडू तोंडात घातला. गिळंना बघ. थुकला. संध्याकाळी भाकरी केली, ती बी जाईना. मग पाणी पिऊन झोपले."

"म्हणजे धरलास की!"

"धरला न्हाई. घडला. आता खा गुमान."

मी दिंड खाल्लं आणि तिच्या चपला मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पारिसअण्णांचं एक थेंब पाणी आता गटारात जात नाही. वेणापुरात पेठेपेठेतून सकाळी सहाला भिंती घासल्या जातात आणि पेठेपेठेची भांडणं आता कुणाची खूण जास्त झळझळीत यावर होतात. मंगळवार पेठेच्या नव्या भिंतीवर काय काढायचं हे रत्नाबाईनं ठरवलं. पन्नास फूट लांब कोथिंबिरीची जुडी. ती घासायला दर बुधवारी मी जातो.

तलावाचा तो वरचा कोपरा तेवढा राहिला होता. गणपती झाल्यावर मी रीतसर परांची बांधून घेतली, जप्त केलेली शिडी परत केली, आणि नारळाची शेंडी घेऊन स्वतः वर चढलो. तिथं काय आहे हे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं आणि आक्का सांगत नव्हती. "घास म्हंजे कळंल," एवढंच म्हणायची. पाच दिवस घासलं. पहिल्यांदा निळं पाणी आलं. मग त्या पाण्यात हात मारत निघालेली, दोन वेण्यांची एक मुलगी. मग पायरी.

पायरीवर एक माणूस बसला होता. खांद्याला नगरपालिकेची पिशवी, डोक्यावर माझ्याइतकंच टक्कल, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या मुलीच्या चपला.

खाली कोपऱ्यात आक्कानं तारीख घातली होती. चित्र तीन वर्षांपूर्वीचं होतं.